पूर्वेकडे तोंड केलेली मेटॅडोर

हयवदनरावांच्या जयनगरातल्या घरी कुणी पहिल्यांदा जायला निघालं, की शेजारी त्याला आधीच बजावून ठेवत, "भिंतीला टेकायचं असेल तर विचारून टेका. उघडणारी असेल."

आणि त्या घरातल्या बहुतेक भिंती उघडत असत, खोटं कशाला सांगायचं. जिन्याच्या पायऱ्या उघडत आणि आतून छत्र्या निघत. देवघर पुढं ओढलं की मागे लोणच्याच्या बरण्या. समोरच्या घरचे नवे जावई एकदा तिथल्या सोफ्यावर बसून मोठ्या तावातावानं राजकारणावर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी सोफ्याच्या हातावर कोपर आपटला, तर तो हातच उघडला आणि जावईबुवांचा कोपर सुपारीच्या डब्यात! त्यानंतर ते त्या घरी आले की मधोमध स्टुलावर बसायचे, हात मांडीवर ठेवून.

हयवदनराव एका मोठ्या सरकारी कारखान्यात फोरमन होते. रिकामी जागा दिसली की त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. पानात वाढलेल्या भाताच्या आणि भाजीच्या मधली जागासुद्धा ते बोटानं मोजून बघत. ब्याण्णवच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि घराला आणखीच कप्पे फुटायला लागले. शेवटी श्यामलाबाई म्हणाल्या,

"आता घरात मीच राहिलेय. मला कडीकोयंडा बसवू नका म्हणजे झालं."

"तुला कशाला?" हयवदनराव म्हणाले. "तुझं तोंड आपोआप उघडतं."

असा त्या दोघांचा संसार होता, आणि त्या संसाराच्या डोक्यावर मथुराक्का होत्या.

मथुराक्का म्हणजे हयवदनरावांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा लहानग्या हयवदनाला तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं. पुढं ती नवऱ्यामागे एकटी पडली आणि भावाकडे राहायला आली. तीनशे वर्षांपूर्वी ह्या घराण्याचे पूर्वज घोड्यावर बसून, नद्या-डोंगर ओलांडून बेंगळुरूला आले असं सांगत. अक्का मात्र येलहंकाच्या पलीकडे गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

कारण होतं अंघोळीचं. पहाटे अक्का तांब्याच्या हंड्यातलं कढत पाणी घेऊन पाटावर बसायची. तोंड पूर्वेला. एकेका तांब्यासरशी एकेका नदीचं नाव. ते सगळं यथासांग झाल्याशिवाय ती पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही, की कुणाशी धड बोलायची नाही. न्हाऊन आली की मात्र तीच अक्का कॉफीचा लोटा हातात घेऊन सबंध गल्लीची चौकशी करायची. आता अशी अंघोळ बसमध्ये कुठं मिळणार? आगगाडीत कुठं मिळणार? त्यामुळं अक्का कुठं गेलीच नाही. लग्नं लागली, मुंजी झाल्या, सगळ्यांचे फोटो घरी आले आणि अक्कानं ते न्हाऊन पाहिले.

सगळं असंच चाललं असतं. पण मिरजेहून बिंदण्णाचा फोन आला.

बिंदण्णा म्हणजे बिंदुमाधव. ह्या दोघांचा सर्वांत थोरला भाऊ. रेल्वेत नोकरी लागली म्हणून तरुणपणी मिरजेला गेला आणि तिथलाच झाला. पूर्वी अधूनमधून तोच यायचा. पण त्या वर्षी तो अंगणात घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं आणि खाट धरून बसला. आवाज पार बारीक झाला होता. फोनवर तो म्हणाला,

"मथुरे, मला आता यायला जमायचं नाही. तू येतेस का?"

अक्कानं रिसीव्हर कानापासून दूर धरला, जणू त्यातून पाणीच उडत होतं. मग म्हणाली, "आणि न्हाऊ कुठं?"

तिकडून बिंदण्णा हसला. मग खोकला. मग लाईन गेली.

त्या दिवसापासून हयवदनरावांनी एक गोष्ट पाहिली. दुपारी घर निजलं की अक्का कापडी पिशवीत एक लुगडं, जपाची माळ आणि बिंदण्णाला आवडते म्हणून चटणीपुडीचं, म्हणजे कोरड्या चटणीचं, पुडकं भरायची. थोडा वेळ पिशवी मांडीवर घेऊन बसायची. आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी सगळं काढून जागच्या जागी ठेवायची. रोज. कुणाला एका शब्दानं म्हणाली नाही.

"अक्का, आपण वाटेत हॉटेलात उतरू," श्यामलाबाईंनी एकदा विषय काढला. "हल्ली चांगली हॉटेलं असतात. गरम पाणी चोवीस तास."

"बघितलंय मी ते टीव्हीत. उभ्यानं न्हायचं आणि वरनं पाणी पडणार. मी काय घोडा आहे?"

"बादली मागू की."

"त्या बादलीत आधी कोण कोण न्हालंय, ते सांगतो का तुझा हॉटेलवाला?"

श्यामलाबाई गप्प बसल्या. हयवदनराव मात्र गप्प बसले नव्हते, फक्त बोलत नव्हते. त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर चालत होता. अंगठा असा चालायला लागला की ते मनात काहीतरी कापून, वाकवून, बिजागरी लावत आहेत हे श्यामलाबाई ओळखत.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"अक्का मोरीशिवाय येत नाही ना? मग मोरीच मिरजेला नेऊ."

येलहंकाला आप्पाजी म्हणून एक ओळखीचा होता. त्याच्या घरीही आपली मराठीच बोलायचे, पण अर्धी कन्नडच्या फोडणीची. त्याची एक मेटॅडोर होती. देवनहळ्ळीकडच्या मळ्यांतून शेवंती भरून तो ती बाजारात आणायचा. फुलांचा हंगाम नसला की गाडी दारात उभी. हयवदनरावांनी बेत सांगितला तेव्हा आप्पाजी बराच वेळ गाडीकडं आणि त्यांच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला.

"सार, माझ्या गाडीला मोरी? वाटेत पोलिसानं विचारलं आत काय, तर काय सांगू?"

"सांग, म्हातारी न्हातेय."

"सरी, सार, तसं सांगतो," आप्पाजी म्हणाला. "पण मग तो मला उतरवून वेड्यांच्या इस्पितळात घालील."

तरी तो तयार झाला. मेटॅडोर जयनगरच्या गल्लीत येऊन घरासमोर उभी राहिली आणि हयवदनरावांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं पर्व सुरू झालं.

गाडीच्या अगदी मागच्या टोकाला त्यांनी पत्र्याचा आडवा पडदा घातला. त्याच्या मागे जी जागा उरली तिची लांबी गाडीच्या रुंदीइतकी आणि रुंदी एका माणसाच्या खांद्यांइतकी. दुसरा कुणी म्हणाला असता, इथं झाडू ठेवा. हयवदनरावांनी तिथं न्हाणीघर बसवलं. ठेंगण्या छताची त्यांना अडचण नव्हती. उभ्यानं न्हाणारं कोण होतं? मागच्या चाकांच्या दोन कमानी पत्रा फुगवून आत आल्या होत्या, त्यांचं त्यांनी सोनं केलं. डाव्या कमानीवर फळी ठोकली, तो अक्काचा पाट. उजव्या कमानीवर बादलीची जागा. पाटावर बसलं की समोर बादली, बादलीच्या वर लाकडी पट्ट्यांची छोटी खिडकी. शेजारच्या पेटीत भुसा भरून त्यात हंडा बसवला. संध्याकाळी उकळलेलं पाणी पहाटेपर्यंत ऊन राही. खाली पन्हाळीसारखा पत्रा, त्याला नळी आणि नळीच्या टोकाला गाडीखाली लोंबणारा डबा, म्हणजे रस्त्यावर सांडपाणी नको. पाटावर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला, पडद्याच्या पत्र्यात, दाबलं की बाहेर येणारा साबणाचा कप्पा. पायाखाली उघडणारी फळी, तिच्यात वहाणा. आणि छताला दोरी, अक्काचं ओलं लुगडं वाळत घालायला. नऊवारी लुगडं ते! मागून निघून थेट ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत यायचं आणि वळून परत जायचं.

"म्हणजे मिरजेपर्यंत माझ्या मानेवर ठिबकणार," आप्पाजी म्हणाला.

"गाडी जोरात हाकलीस तर लवकर वाळेल."

"आणि तेवढं पूर्वेचं बघ रे," अक्का ओट्यावरून म्हणाली. ह्या सगळ्या उद्योगावर तिचा विश्वास नव्हता, पण तिची खुर्ची रोज थोडी थोडी गाडीकडं सरकत होती.

"अक्का, ते मी आधीच बघितलंय."

आणि खरंच बघितलं होतं. अक्काच्या तोंडासमोरची खिडकी बरोबर पूर्वेला होती. हयवदनरावांनी ओळंबा लावला, होकायंत्र आणलं, एवढंच नव्हे तर चौकातल्या मठातले भीमाचार्य बोलावले. आचार्य सकाळी सकाळी गाडीच्या मागे वाकून उभे राहिले. सूर्य वर आला. खिडकीच्या पट्ट्यांतून उन्हाच्या तिरिपा आल्या आणि त्या थेट पाटावर पडल्या.

"पूर्वाभिमुख!" आचार्य म्हणाले. "उत्तमात उत्तम." आणि त्यांनी चाकाशी नारळ फोडला.

गल्लीत सगळे हुशार लोक. बँकेतले, कॉलेजातले, एक तर विमानाच्या कारखान्यातले इंजिनियर. सगळ्यांनी वाकून ती उन्हाची तिरीप पाहिली आणि सगळ्यांनी मान डोलावली.

"आधी तुम्ही न्हाऊन बघा," श्यामलाबाई म्हणाल्या. "मग अक्कांना पाठवा."

हयवदनराव पंचा नेसून ऐटीत आत शिरले. बांधा भरलेला, पोट पुढं. पाटावर बसले, तांब्या उचलला, तर डाव्या कोपराचा धक्का बसून साबणाचा कप्पा बाहेर आला आणि बरगडीत रुतला. तो चुकवायला ते उजवीकडं झुकले. उजवीकडं मागचं दार. दाराची कडी निघाली. डोळ्यांत साबण, हातात तांब्या आणि अर्धे हयवदनराव गल्लीत. दारात भाजीवाली तोंडली जोखत होती. तिनं तराजू तसाच हवेत धरला.

"अय्यो राव," ती म्हणाली, "घरात पाणी नाही का?"

श्यामलाबाई आत गेल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. त्या हसत असल्या की असं करत.

तरी हार मानतील ते हयवदनराव कसले! चूक मोरीची नाही, न्हाणाऱ्याची, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी न्हाण्याची रीत बसवली आणि अक्काला शिकवायला घेतली.

"आधी डावा कोपर पोटाशी. मग उजव्या हातानं तांब्या, पण हात सरळ वर, बाजूला नाही. मान थोडी खाली. मग पाणी. मग पाय उचलून फळीवर."

"ही अंघोळ आहे का भरतनाट्यम?" अक्का म्हणाली.

पण गंमत अशी की अक्का वाळक्या शेंगेसारखी बारीक. ती आत बसली आणि जणू शिंप्यानं तिच्याच मापानं शिवल्यासारखी ती मोरी तिला बसली. कोपर कुठं लागला नाही, कप्पा उघडला नाही. आतून पाण्याचा आवाज आला, गंगा आली, गोदा आली, तुंगभद्रा आली. बाहेर येऊन अक्का एवढंच म्हणाली,

"पाणी कढत होतं."

अक्काच्या तोंडून ही केवढी शाबासकी, हे घरच्यांनाच ठाऊक. त्या दुपारी तिनं पिशवी भरली, आणि संध्याकाळी रिकामी केली नाही.

निघायच्या दिवशी अक्का पहाटे मेटॅडोरमध्येच न्हाली आणि गाडी हलली. पुढं आप्पाजी, त्याच्या मानेवर लुगड्याचा काठ. मागे हयवदनराव, श्यामलाबाई आणि खिडकीशी अक्का. शेवंतीचा वास अजून गाडीच्या लाकडात मुरलेला होता. आधी अक्का गंभीर होती. तुमकूरच्या पुढं तिनं पदर कानामागे खोचला. मग बोलायला लागली ती थांबेना. उसाच्या गाड्या बघून बोलली, पवनचक्की बघून बोलली, चित्रदुर्गाचा किल्ला दिसला तेव्हा तर म्हणाली, "आपले घोडे इथूनच गेले असणार." जणू तेही आप्पाजीच हाकत होता.

"बिंदण्णा मला ओळखेल ना रे?" मध्येच तिनं विचारलं.

"तू न्हाऊन समोर गेलीस की ओळखेल," हयवदनराव म्हणाले. "न न्हाता गेलीस तर मात्र सांगता येत नाही."

मेटॅडोरचं वय झालं होतं. हावेरीच्या अलीकडे दिवस मावळला. रस्त्यालगत मारुतीचं एक देऊळ होतं, त्याच्या आवारात पुजाऱ्यानं गाडी लावू दिली. स्टोव्हवर पाणी उकळून हंड्यात भरलं, पेटीचं झाकण लावलं आणि सगळे ओसरीवर आडवे झाले. हयवदनराव इतके तृप्त होते की झोपेतसुद्धा त्यांचा अंगठा तर्जनीवर चालत होता.

पहाट फुटली. अक्का मोरीत शिरली. कडी लागली, हंड्याचं झाकण वाजलं, बादली भरल्याचा आवाज आला. हयवदनराव गाडीजवळ कान देऊन उभे होते, गवई मैफलीत कान देतो तसे. आता गंगा येणार.

गंगा आली नाही.

"हयवदना."

"काय गं अक्का? पाणी निवलं का?"

"पाणी कढत आहे. सूर्य कुठाय?"

"उगवतोय की."

"मला खिडकीतून नुसता कडुलिंब दिसतोय. आणि उजेड येतोय तो पत्र्याच्या फटीतून डाव्या कानावर."

हयवदनरावांनी मान वळवली. सूर्य वर येत होता. लालबुंद, वाटोळा, अगदी गाडीच्या नाकासमोर. म्हणजे गाडीचं तोंड पूर्वेला. म्हणजे अक्काचं तोंड...

त्यांनी कपाळाला हात लावला. गल्लीत गाडी उभी होती तेव्हा तिचं नाक उत्तरेला होतं. म्हणून खिडकी पूर्वेला. ओळंबा बरोबर, होकायंत्र बरोबर, आचार्य बरोबर. फक्त गाडीला चाकं आहेत, एवढं सगळ्या गल्लीत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"दक्षिण आहे ना रे ही?" आतून आवाज आला.

हयवदनरावांनी बोटानं हवेत गाडी वळवून पाहिली.

"ऐकू येतंय का? यमाच्या दिशेला तोंड करून बसवलंस मला."

"अक्का, स्वल्प तिरकी बसतेस का? थोडीशी..."

"कुठं तिरकी बसू? तू जागा ठेवलीयेस का? जरा वळायचं तर तुझा तो साबण बाहेर येतो!"

हे खरं होतं. इंच न् इंच वापरलेला. अक्का जशी बसली होती तशीच बसू शकत होती, दुसरी तऱ्हाच नव्हती.

मग अक्काचा आवाज खाली आला. तो खाली आला की हयवदनराव लहान होत. "हे बघ. एरवी मी भांडले असते आणि गप बसले असते. पण बिंदण्णा तिकडं खाटेवर पडलाय. त्याला बघायला निघताना दक्षिणेला तोंड करून मी डोक्यावरनं पाणी घेणार नाही. आणि न न्हाता पुढं येणार नाही. गाडी बेंगळुरूला फिरव."

श्यामलाबाई ओसरीवरून उठून आल्या. नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि थट्टा तोंडात आली होती ती त्यांनी गिळली.

"अहो, बेंगळुरूला कशाला फिरवायची?" त्या म्हणाल्या. "इथंच फिरवा की."

हयवदनरावांनी आप्पाजीकडं पाहिलं. आप्पाजी दातवण करत होता. त्यानं आवाराकडं पाहिलं: एकीकडं विहीर, एकीकडं सोडलेली बैलगाडी, मध्ये कडुलिंब. मग दातवण फेकून दिलं.

"अक्कांना उतरायला सांगा."

"मी पंचा गुंडाळून बसलेय," आतून आवाज आला. "मी उतरत नाही."

मग काय! अक्कासकट, बादलीसकट, हंड्यासकट मेटॅडोर सुरू झाली. आप्पाजी इंच इंच मागे घेतोय, हयवदनराव पुढं धावतायत, आतून अक्का ओरडतेय, "हळू! पाणी सांडतंय!" गाडी एका अंगानं वळली तर बैलगाडीचं जू आडवं. दुसऱ्या अंगानं वळली तर विहिरीचा काठ. आवाज ऐकून गावातली माणसं जमली. कुणी हातानं पुढं बोलावतंय, "बन्नी, बन्नी!" कुणी बैलगाडी ओढून बाजूला करतंय. एका म्हाताऱ्यानं बघितलं की एवढी माणसं एवढ्या काळजीनं एक गाडी फिरवतायत, आणि त्यानं हात जोडून विचारलं,

"ओळगे देवरा?" म्हणजे, आत देव आहे का?

"देव नाही, आमच्या वन्सं आहेत," श्यामलाबाई म्हणाल्या. "पण हात जोडलेत ते बरं केलंत."

गाडीचं नाक पश्चिमेला आलं.

"आता?" हयवदनराव ओरडले.

"आता सूर्य उजव्या कानावर आला. ही उत्तर."

"उत्तर चालेल का?"

"तुझ्या कारखान्यात चालत असेल."

पुन्हा मागं, पुन्हा पुढं. शेवटी गाडीचं नाक देवळाच्या पायरीला टेकलं, मागचं चाक कडुलिंबाच्या मुळावर चढलं, आणि खिडकीच्या पट्ट्यांतून उन्हाच्या तिरिपा आत गेल्या.

"आलं," अक्का म्हणाली. "नाकावर आलं."

आणि गंगा आली. गोदा आली. तुंगभद्रेला तर तिनं दोन तांबे घातले, ती जवळच वाहत होती म्हणून. आप्पाजीनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तो म्हातारा अजून हात जोडूनच उभा होता.

धारवाड गेलं, बेळगाव गेलं. हयवदनरावांचा अंगठा हलत नव्हता. अक्कानं वाटेत त्यांच्या हातावर चटणीपुडी आणि भाताचा गोळा ठेवला, लहानपणी ठेवायची तसा.

"जेव. मोरी चांगली आहे," ती म्हणाली. "फक्त स्वल्प फिरते."

मिरजेत शिरले तेव्हा दिवेलागण होत होती. बिंदण्णाचा मुलगा नाक्यावर वाट बघत उभा होता. "दुपारपासून बाबा झोपले नाहीत," तो म्हणाला. "सारखं विचारतायत, मथुरा आली का. खाट खिडकीशी लावायला लावलीय." पण गल्ली पाहून आप्पाजीनं जीभ चावली. दोन्हीकडं घरं, मध्ये मेटॅडोरच्या अंगाला घासून जाईल एवढीच वाट. गाडी आत शिरली आणि घराला खेटून उभी राहिली. वळायचं तर घरच हलवावं लागलं असतं.

आणि दिवसभराच्या प्रवासाची धूळ अंगावर घेऊन अक्का आजारी माणसाच्या उंबऱ्यात पाऊल टाकणार नव्हती. हे तिनं सांगितलं नाही, तिनं नुसतं लुगडं उचललं आणि ती मागच्या दाराकडं गेली. वाटेत चहाच्या टपरीवर भरून घेतलेलं पाणी पेटीत अजून ऊन होतं. हयवदनरावांनी आकाशाकडं पाहिलं. कुठल्या बाजूला काय आहे ते त्यांना बघायचं नव्हतं, पण फोरमनचे डोळे ते! सूर्य मावळल्याचा लाल पट्टा गाडीच्या पाठीमागं होता. म्हणजे नाक पूर्वेला. म्हणजे खिडकी पुन्हा तीच, दक्षिणेला.

"अक्का," ते दारापाशी जाऊन हळूच म्हणाले, "आता ही गाडी वळत नाही गं. मागं नाक्यापर्यंत घेऊ का?"

आत बादली ठेवल्याचा आवाज आला. हयवदनरावांनी दाराला कान लावला. एवढ्या लांब येऊन उंबऱ्यापाशी अडणार की काय ही?

मग घराच्या खिडकीतून, मेटॅडोरच्या पट्ट्यांपासून हातभर अंतरावरून, एक बारीक आवाज आला.

"मथुरे? तूच का गं ती?"

आत तांब्या खणकन वाजला.

"बिंदण्णा?"

"कुठायस तू? मला नुसती फुलांच्या वासाची एक गाडी दिसतेय."

"गाडीतच आहे. न्हायला बसलेय."

मग खिडकीतून हसू आलं. खोकल्यासारखं सुरू झालं आणि मोठं होत गेलं. त्याच्या मुलानं हयवदनरावांचा दंड धरला. म्हणाला, "काका, पडल्यापासून पहिल्यांदा असे हसले."

"अजून तशीच आहेस होय!" बिंदण्णा म्हणाला. "आणि तोंड? तोंड कुठं केलंयस?"

हयवदनरावांनी डोळे मिटून घेतले.

"तुझ्याकडं," अक्का म्हणाली.

आणि पाण्याचा आवाज आला. पहिला तांब्या, गंगा. दुसऱ्या तांब्याला खिडकीतून बारीक आवाजात गोदा आली, तिसऱ्याला तुंगभद्रा दोघांनी मिळून म्हटली. घाईघाईनं. लहानपणी विहिरीवर न्हाताना म्हणायचे तशी. आप्पाजी गाडीखाली वाकला आणि म्हणाला, "सार, खालचा डबा भरून वाहतोय." पाणी गल्लीतून वाट काढत बिंदण्णाच्या उंबऱ्यापर्यंत गेलं, आणि पाठोपाठ ओलं लुगडं तसंच खांद्यावर टाकून अक्काही गेली. वाळत घालायला दोरी आहे, ह्याची तिला आठवणसुद्धा झाली नाही.

बऱ्याच वेळानं हयवदनराव आत आले तेव्हा अक्का खाटेच्या काठावर बसली होती आणि बिंदण्णाला चटणीपुडी भरवत होती. दमून ते भिंतीला टेकायला गेले.

"हयवदना!" बिंदण्णा खाटेवरून म्हणाला. "टेक, टेक. ही उघडत नाही."